डोसचा हिशेब : वय, लिंग आणि रक्त पातळ करणारी गोळी



आजचा विषय एका छोट्या गोळीच्या मापाचा आहे. हे डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातले काम, त्याला सार्वजनिक व्यासपीठ कशाला, असे कुणाला वाटेल. पण जिला आपण सगळे ‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हणतो, ती आज आपल्या जिल्ह्यात अकोले ते जामखेड सर्व तालुक्यांत पोहोचली आहे. कुणाची हृदयाची झडप बदललेली असते, कुणाच्या हृदयाचे ठोके अनियमित झालेले असतात, कुणाच्या पायाच्या शिरेत गुठळी झालेली असते. ही गोळी महिनोन् महिने, पुष्कळदा जन्मभर घ्यावी लागते. डोस कमी पडला तर गुठळी मेंदूत जाऊन लकवा मारतो, जास्त झाला तर पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होतो. पुरेसा डोस आणि घातक डोस यांच्यात इतके थोडे अंतर असलेली औषधे मोजकीच आहेत. म्हणून हा डोस कशाच्या आधारावर ठरतो, हा प्रश्न प्रत्येक घराचा आहे. माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो. सर्वांना एकच डोस देणे दिसायला समान वागणूक असली, तरी तिचा परिणाम विषम होतो, आणि त्याचा सर्वांत जास्त भार वयस्क, किरकोळ अंगाच्या स्त्रियांवर पडतो. पुढचा तासभर मी याच म्हणण्याचा पुरावा मांडणार आहे आणि त्यावरच्या आक्षेपांना उत्तर देणार आहे.

आधी औषधाचे काम समजून घेऊ. यकृत रक्त गोठवणारी काही प्रथिने तयार करते आणि त्यांतल्या चार प्रमुख प्रथिनांना पूर्ण रूप यायला ‘के’ जीवनसत्त्व लागते. वॉरफेरिन आणि आपल्याकडे फार वापरले जाणारे ॲसेनोकुमरॉल ही औषधे या जीवनसत्त्वाचा शरीरातला फेरवापर अडवतात. गेल्या शतकात अमेरिका आणि कॅनडातली गुरे कुजलेले स्वीट क्लोव्हर गवत खाऊन रक्तस्रावाने मरू लागली, तिथून या औषधांचा शोध सुरू झाला. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या गटाने त्यातले द्रव्य वेगळे काढले. त्याच कुळातले वॉरफेरिन आधी उंदीर मारण्यासाठी वापरात आले आणि १९५४ साली माणसांसाठी मान्य झाले. त्याचा परिणाम मोजायला आपण पीटी-आयएनआर ही तपासणी करतो. ठोके अनियमित असतील किंवा पायात गुठळी असेल तर हा आकडा साधारण २ ते ३ च्या दरम्यान ठेवायचा असतो. मायट्रल जागी धातूची झडप असेल तर त्याहून थोडा वर ठेवतात. आकडा योग्य जागी आणायला कुणाला दिवसाला दोन मिलिग्रॅम पुरतात, तर कुणाला आठ लागतात. गोळी पोटात गेल्यावर तिचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस जातात, कारण आधी तयार झालेली प्रथिने रक्तात तेवढा काळ टिकून असतात. पहिल्या दिवशी दिलेली जास्तीची मात्रा पहिल्या दिवशी त्रास देत नाही, ती आठवड्याने देते. तोवर रुग्ण घरी परतलेला असतो.

आता वयाचा पुरावा पाहू. २००५ साली ‘चेस्ट’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या हजारो रुग्णांच्या स्थिरावलेल्या डोसचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आयएनआर २ ते ३ मध्ये ठेवण्यासाठी पन्नाशीच्या आतल्या पुरुषांना आठवड्याला मध्यम मानाने ४५ मिलिग्रॅम वॉरफेरिन लागत होते, तर ऐंशी व त्यापुढच्या स्त्रियांना २२ मिलिग्रॅम. म्हणजे निम्म्याहूनही कमी. वय एका वर्षाने वाढले की आठवड्याची गरज ०.४ मिलिग्रॅमने उतरत होती आणि त्याच वयाच्या पुरुषापेक्षा स्त्रीला आठवड्याला ४.५ मिलिग्रॅम कमी लागत होते. याच अभ्यासातला पुढचा आकडा प्रत्येक डॉक्टरने टेबलाच्या काचेखाली ठेवावा असा आहे. उपचार सुरू करताना सर्रास लिहिला जाणारा ‘रोज पाच मिलिग्रॅम’ हा डोस सत्तरीपुढच्या १०० पैकी ८२ स्त्रियांना आणि ६५ पुरुषांना गरजेपेक्षा जास्त ठरत होता. रोज पाच म्हणजे आठवड्याला पस्तीस. ज्या आजींची गरज बावीसची आहे, त्यांना हा डोस दीडपटीहून अधिक होतो, आणि तरण्या पुरुषाला तोच डोस अपुरा पडतो. हे आकडे वॉरफेरिनचे आहेत. ॲसेनोकुमरॉलचे मिलिग्रॅम वेगळे असतात आणि ते शरीरातून लवकर बाहेर पडते, पण वय वाढले की गरज घटते ही दिशा त्यातही तीच राहते.

असे का होते, हे गूढ नाही. वय वाढते तसे यकृताचे आकारमान आणि त्यातून वाहणारे रक्त कमी होते, त्यामुळे औषध मोडून बाहेर टाकण्याचा वेग मंदावतो. जेवण घटते, दात जातात, हिरव्या भाज्या कमी खाल्ल्या जातात, म्हणून ‘के’ जीवनसत्त्वाचा साठाही तुटपुंजा असतो. त्यातच गुडघेदुखीची गोळी मेडिकलमधून न विचारता आणली जाते. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकाने पोटाच्या आतल्या आवरणाला इजा होते आणि रक्तस्रावाचा धोका दुणावतो. जुलाबावरचे मेट्रोनिडॅझोल आयएनआर वर ढकलते, तर क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन तो इतका खाली खेचते की डोस कैक पटीने वाढवावा लागतो. वयाचा प्रभाव फक्त म्हातारपणातच असतो असेही नाही. लहान मुलांवरच्या एका अभ्यासात एक वर्षाच्या आतल्या बाळांना किलोमागे ०.३३ मिलिग्रॅम वॉरफेरिन लागले आणि किशोरवयीन मुलांना ०.०९ पुरले. पाळण्यातल्या बाळापासून नव्वदीच्या आजोबांपर्यंत डोसची गरज सतत बदलत जाते. चिठ्ठीवर मात्र एकच आकडा वर्षानुवर्षे पुढे चालू राहतो.

स्त्री-पुरुष भेदाकडे वळताना पहिला आक्षेप समोर येतो आणि तो वजनदार आहे. ‘बाईला कमी डोस लागतो तो ती बाई आहे म्हणून नव्हे, तिची उंची आणि वजन कमी आहे म्हणून, मग लिंगाचा प्रश्न का काढता?’ असे काही तज्ज्ञ म्हणतात. त्यांच्या बाजूने पुरावाही आहे. २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये अनेक देशांच्या संशोधकांनी मिळून वॉरफेरिनचा डोस काढण्याचे एक सूत्र प्रसिद्ध केले. त्यात वय, उंची, वजन, जनुके आणि सोबतची औषधे आहेत, लिंग नाही. सुरुवातीच्या मिलिग्रॅमपुरता हा मुद्दा मला मान्य आहे. पण तो मान्य केला की पुढची जबाबदारी टळत नाही. लिंगाऐवजी वजन पाहायचे असेल तर वजन करावे लागते. गोळी सुरू करताना आजींना काट्यावर उभे केले का, आणि तो आकडा केसपेपरवर आहे का? वजन लिहिलेले नसेल, तर ‘फरक वजनाचा आहे’ हे शास्त्रीय विधान त्या आजींच्या काही उपयोगाचे नाही.

शिवाय बाईच्या शरीराचे सगळेच काही वजनकाट्यावर मावत नाही, आणि हे आपल्या देशात जितके खरे आहे तितके अमेरिकेत नाही. पाश्चात्त्य देशांत ही गोळी घेणारा रुग्ण बहुधा वृद्ध असतो. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने, म्हणजे लहानपणी घशाच्या जंतुसंसर्गानंतर उद्भवणाऱ्या आजाराने, झडपा खराब झालेल्या तरुण स्त्रियांची मोठी संख्या या रुग्णांत आहे. भारतासह २४ देशांत झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत संधिवाताच्या हृदयरोगासोबत ठोके अनियमित असलेले साडेचार हजारांवर रुग्ण होते. त्यांचे सरासरी वय ५०.५ वर्षे होते आणि त्यांत ७२ टक्के स्त्रिया होत्या. अशा स्त्रीच्या आयुष्यात डोसचा प्रश्न पुन्हा पुन्हा नव्याने उभा राहतो. पाळीत अंगावरून जास्त जाऊ लागते, आणि महाराष्ट्रात बाळंतपणाच्या वयातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात आधीच रक्त कमी आहे. दिवस राहिले की प्रश्न आणखी बिकट होतो. वॉरफेरिन वारेतून बाळापर्यंत पोहोचते आणि साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात त्याने बाळाच्या हाडांच्या व नाकाच्या घडणीत दोष येऊ शकतो. रक्त पातळ करणारे दुसरे औषध, हेपरिन, बाळापर्यंत जात नाही, पण धातूची झडप असलेल्या आईचे संरक्षण त्याने तितके भक्कम होत नाही. गर्भारपणात रक्ताची गोठण्याची ओढ वाढते आणि डोसची गरजही चढते. कोणत्या महिन्यात कोणते औषध द्यायचे हे तिच्या आधीच्या डोसवरही अवलंबून असते, कारण दिवसाला पाच मिलिग्रॅमपर्यंत भागत असेल तर बाळाला धोका कमी असल्याचे आढळले आहे. म्हणून झडप असलेल्या मुलीच्या लग्नाआधी आणि दिवस राहण्याआधी हृदयरोगतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांशी बोलणे झाले पाहिजे. तिसऱ्या महिन्यात कळवून उपयोग नसतो.

यात समाजाचा वाटाही आहे. चतुर्थी, एकादशी, नवरात्र आणि इतर अनेक उपवास घरातल्या बाईच्या वाट्याला जास्त येतात. एरवी मेथी-पालक-शेपू खाणारी बाई चार दिवस साबुदाणा आणि शेंगदाण्यावर राहिली की ‘के’ जीवनसत्त्वाची आवक घटते आणि आयएनआर वर सरकू शकतो. भाज्या बंद करा असा सल्ला काही ठिकाणी दिला जातो, तो चुकीचा आहे. भाजी खावी, रोज साधारण सारख्या प्रमाणात खावी, आणि मोठा उपवास धरणार असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा विचार करा. हंगामाचे चार-सहा महिने कारखान्याच्या तळावर जातात, तेव्हा रक्ततपासणीची तारीख कोण पाळणार? तपासणीसाठी मजुरी बुडवायची वेळ आली की आधी बाईचीच तपासणी पुढे ढकलली जाते. डोसचा हिशेब करताना ही वस्तुस्थिती बाहेर ठेवली, तर हिशेब अर्धाच होतो.

दुसरा आक्षेप असा, की हा सगळा जुन्या गोळ्यांचा प्रपंच आहे. डॅबिगाट्रान, रिव्हारोक्साबॅन, अपिक्साबॅन ही नवी औषधे आली. त्यांना आयएनआर लागत नाही, डोस ठरलेला असतो, मग वय-लिंगाची चर्चा संपली नाही का? याचे पहिले उत्तर असे, की ज्या तरुण स्त्रियांबद्दल मी आत्ता बोललो, त्यांच्यासाठी जुनी गोळीच अजून भरवशाची आहे. इन्व्हिक्टसमध्ये रिव्हारोक्साबॅनपेक्षा जुन्या गोळ्यांवर मृत्यू कमी झाले. धातूच्या झडपांवरची डॅबिगाट्रानची चाचणी तर गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे मध्येच थांबवावी लागली होती. दुसरे उत्तर असे, की नव्या गोळ्यांत वय आणि लिंग मूत्रपिंडाच्या वाटेने परत येतात. डॅबिगाट्रानचा सुमारे ८० टक्के भाग मूत्रपिंडातून बाहेर जातो आणि मूत्रपिंडाची क्षमता वयानुसार घटते. ती मोजण्यासाठी कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचे १९७६ चे सूत्र वापरतात. १४० मधून वय वजा करायचे, त्याला किलोतल्या वजनाने गुणायचे, रक्तातल्या क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागायचे आणि रुग्ण स्त्री असेल तर आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणायचे.

हे सूत्र प्रत्यक्ष लावून पाहू. समजा ७० किलो वजनाचा ३५ वर्षांचा पुरुष आणि ४२ किलो वजनाच्या ७८ वर्षांच्या आजी एकाच दिवशी रक्त देऊन आल्या. दोघांच्याही रिपोर्टवर क्रिएटिनिन १.१ छापून आले. आकडा दोघांच्या बाबतीतही बरा दिसतो, त्याखाली कुणी लाल रेघ ओढत नाही. आता हिशेब करा. पुरुषाचे उत्तर मिनिटाला सुमारे ९३ मिलिलिटर येते, आजींचे २८. म्हणजे आजींचे मूत्रपिंड पुरुषाच्या एक तृतीयांशाहूनही कमी काम करते आहे. युरोपात ३० च्या खाली डॅबिगाट्रान देण्यास मनाई आहे आणि अपिक्साबॅनचा डोस तिथे निम्मा करतात. रिपोर्टवरचा नुसता आकडा पाहून दोघांना सारखीच गोळी लिहिली, तर पुरुषाचे काही बिघडणार नाही, आजींच्या अंगात मात्र औषध साचत जाईल. क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होते आणि म्हाताऱ्या, वाळलेल्या शरीरात स्नायूच कमी असतात. म्हणून मूत्रपिंड थकलेले असूनही तो आकडा चढत नाही. हे सूत्रही २४९ रुग्णांवरून तयार झाले, आणि ते जवळजवळ सगळे पुरुष होते. स्त्रियांसाठीचे ०.८५ हे अंदाजाने सुचवलेले प्रमाण होते. अमेरिकेत १९७७ पासून १९९३ पर्यंत मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याचे अधिकृत धोरणच होते. ज्या शरीरावर मोजमाप झाले नाही, त्या शरीराला डोस देताना जास्त जपून पाऊल टाकणे हा साधा विवेक आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो माझ्याच म्हणण्याचा गैरवापर आहे. ‘म्हाताऱ्या माणसाला रक्तस्रावाचा धोका जास्त, तेव्हा गोळी नकोच, किंवा निम्मी द्या, नाहीतर ॲस्पिरिनवर भागवा.’ यात भीतीला सावधगिरीचे नाव दिले जाते. बर्मिंगहॅमच्या ‘बाफ्टा’ चाचणीत पंच्याहत्तरीपुढचे ९७३ रुग्ण होते. त्यात लकव्यासारख्या घटनांचे प्रमाण वर्षाला वॉरफेरिनवर १.८ टक्के आणि ॲस्पिरिनवर ३.८ टक्के होते, आणि वॉरफेरिनने रक्तस्राव वाढल्याचे दिसले नाही. जपानमध्ये ऐंशीपुढच्या, नेहमीचा डोस न झेपणाऱ्या ९८४ वृद्धांना एडोक्साबॅन या नव्या गोळीची अगदी छोटी, १५ मिलिग्रॅमची मात्रा देऊन पाहिली. लकव्याचे वार्षिक प्रमाण ६.७ टक्क्यांवरून २.३ वर आले. वय वाढते तसा गुठळीचा धोकाही वाढतो, म्हणून वृद्धालाच या औषधाचा फायदा सर्वाधिक होतो. कमी डोस त्याच्या शरीराच्या गरजेतून ठरला पाहिजे, डॉक्टरच्या किंवा घरच्यांच्या धास्तीतून नव्हे. अपिक्साबॅनचा डोस निम्मा करण्याचा प्रचलित नियम हेच सांगतो. वय ८० किंवा अधिक, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा अधिक, या तीनपैकी दोन गोष्टी असतील, किंवा वर सांगितल्याप्रमाणे मूत्रपिंडाची क्षमता ३० च्या खाली असेल, तरच डोस कमी करायचा. सत्तर वर्षांच्या, पंचेचाळीस किलोच्या पण मूत्रपिंड ठणठणीत असलेल्या आजींना पूर्ण डोसच द्यायचा. केवळ त्या किरकोळ दिसतात म्हणून निम्मा दिला तर त्यांना लकव्याच्या तोंडी दिल्यासारखे होते. हे औषध कुणाला द्यायचे आणि किती द्यायचे, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांनी २०२४ मध्ये पहिल्या प्रश्नाच्या गुणपत्रिकेतून स्त्री असण्याचा गुण काढून टाकला. पण तेवढ्याने दुसरा प्रश्न सुटत नाही.

चौथा आक्षेप आधुनिक आहे. जनुकांची तपासणी करा, मग वय-लिंग बघायचे कारण नाही. दोन जनुकांमुळे डोसमध्ये मोठा फरक पडतो, हे खरे आहे. पण जनुके पाहून डोस ठरवण्याच्या दोन मोठ्या चाचण्या २०१३ साली एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या आणि त्यांचे निष्कर्ष जुळले नाहीत. युरोपातल्या चाचणीत फायदा दिसला, अमेरिकेतल्या चाचणीत दिसला नाही. जनुकांच्या सूत्रांतही वय आणि शरीराचे माप राहतेच. जी माहिती जन्मतारीख, वजनकाटा आणि क्रिएटिनिनची साधी तपासणी यांतून मिळते, ती आधी वापरू. महागडी तपासणी त्यानंतर येते.

मग आपल्या जिल्ह्याने काय करायचे? चौदा तालुके, सतरा हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्रातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे हृदयाची शस्त्रक्रिया गरीब घरांच्या आवाक्यात आली, पण शस्त्रक्रिया एकदाच होते आणि गोळी व तपासणी जन्मभर चालते. जगभरातल्या अनियमित ठोक्यांच्या रुग्णांची नोंद २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. पश्चिम युरोपात आयएनआर योग्य जागी राहण्याचा काळ ६२ टक्के होता. भारत, चीन, आग्नेय आशिया आणि आफ्रिकेत तो ३२ ते ४० टक्क्यांतच अडकला होता. म्हणजे गोळी घेऊनही आपला रुग्ण बराच काळ एकतर गुठळीच्या किंवा रक्तस्रावाच्या धोक्यात असतो. हे सुधारायला मोठे रुग्णालयच हवे असे नाही. जामखेडमध्ये १९७० साली काम सुरू करून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर असलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवले, आणि १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. योग्य शिक्षण आणि विश्वास मिळाला तर गावची बाई आरोग्याचे नाजूक काम सांभाळते, हे याच जिल्ह्याने जगाला दाखवले. आज प्रत्येक गावात आशाताई आहेत. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांची यादी, पुढच्या तपासणीची तारीख आणि हिरड्यांतून रक्त, काळी शौच, अचानक तोंड वाकडे होणे या धोक्याच्या खुणा, एवढे काम त्यांच्या हाती नीट सोपवता येईल. त्याचा मोबदला मात्र वेगळा आणि वेळेवर द्यावा लागेल.

डॉक्टर मित्रांना माझी विनंती आहे, की ही गोळी लिहिण्याआधी केसपेपरवर चार गोष्टी असाव्यात : वय, वजन, हिशेब केलेली मूत्रपिंडाची क्षमता आणि पहिल्या आठवड्यातल्या तपासणीची तारीख. वय आणि वजन पाहून पहिला डोस ठरवा. पुढचा डोस रक्ताचा अहवाल पाहून. घरच्यांना सांगणे असे, की गोळी आपल्या मनाने बंद करू नका, कमी-जास्त करू नका, आणि दुखण्याची कोणतीही गोळी न विचारता घेऊ नका. आज घरी गेल्यावर आपल्या आईच्या, आजीच्या, सुनेच्या औषधांची पिशवी उघडा. त्यात ही गोळी असेल तर तिचे शेवटचे वजन कधी झाले आणि शेवटची तपासणी कोणत्या तारखेची आहे, एवढे विचारा. उत्तर मिळाले नाही, तर या आठवड्यातच तिला सोबत घेऊन दवाखान्यात जा.